दिसायला सगळ्यात देखणं मशीन कोणतं? (भाडं, डिझेल, रीसेल बाजूला ठेवून)

ग्रेडरचं_पातं, परभणी

नमस्कार मंडळी. मशिनरीचा विषय निघाला की ताशी भाडं, डिझेल, हप्ता आणि रीसेल याच्या पुढं गाडी जात नाही. या धाग्यात यातलं काहीच नको. फक्त दिसणं. पण "लई भारी दिसतं" एवढ्यावर थांबू नका. कोणता भाग, कोणत्या बाजूनं, कोणतं काम चालू असताना, आणि तो भाग तसा का घडवलाय, तेही लिहा.

माझं मत मोटर ग्रेडरला, म्हणजे रस्त्याचा थर पात्यानं सपाट करणाऱ्या मशीनला.

ग्रेडर बाजूनं बघावा. मागं इंजिन आणि चार चाकं, त्यापुढं केबिन, आणि तिथून कमान टाकून लांब गेलेली मुख्य फ्रेम. टोकाला दोनच चाकं. ही कमान शोभेची नाही. तिच्या पोटाखाली ड्रॉबार (पातं ओढणारा दांडा), सर्कल (पातं फिरवणारं गोल कडं) आणि १२ किंवा १४ फुटांचं पातं टांगलेलं असतं. सर्कलवर पातं गोल फिरतं, बाजूला सरकतं, एका टोकाला उचललं जातं. एवढ्या हालचालीला जागा हवी म्हणून फ्रेम वर उचललेली.

पातं पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आहे, यातच ग्रेडरचं सगळं गणित. पुढची दोन्ही चाकं चार इंच खड्ड्यात गेली तर पातं साधारण दोनच इंच खाली येतं. मागचं एक चाक उंचवट्यावर चढलं तर टँडम (मागच्या दोन चाकांना जोडणारा सांगाडा) डुलतं, मधला पिव्हट निम्माच उचलतो आणि पात्यापर्यंत त्याचाही निम्मा हिस्सा पोचतो. डोझरचं पातं पुढं टोकाला असतं, म्हणून त्याला ही सफाई येत नाही.

आता पुढची चाकं. ग्रेडर कामात असताना ती एका बाजूला कललेली असतात. नवख्या माणसाला एक्सल मोडल्यासारखं वाटतं. पातं तिरकं लावलं की माती एका बाजूला वाहते आणि मशीनचं तोंड उलट्या बाजूला ढकलते. तो रेटा अडवायला चाकांचा वरचा भाग माती ज्या बाजूला वाहते त्या बाजूला कलवतात. चाकं कललेली, फ्रेम मधल्या सांध्यात वळवलेली, पातं तिरकं, तिन्ही रेषा तीन दिशांना आणि मागं पडणारा थर मात्र एका लेव्हलचा. यापेक्षा देखणं दृश्य रस्त्याच्या कामात मला तरी दिसत नाही.

तुमचं सांगा.

पिन_बुश, बीड

ग्रेडर मान्य दादा, पण ज्याला गावातलं पोरगंसुद्धा आवाजावरून ओळखतं ते सोडून कसं चालेल? माझं मत जेसीबी ३डीएक्स, आणि तेही रस्त्यानं चाललेलं नाही, पाय टाकून चर खोदताना.

जेसीबीचं दिसणं दोन तोंडांचं आहे. पुढं रुंद लोडर बकेट, मागं अरुंद खोदाईचं बकेट, मध्ये ऑपरेटर खुर्ची फिरवून बसतो. १९५३ ला या कंपनीनं आपलं पहिलं बॅकहो लोडर (असं दोन तोंडांचं मशीन) काढलं, तेव्हापासून मांडणी तीच आहे. मला आवडतो तो मागचा आडवा फ्रेम. साईडशिफ्ट मॉडेलला किंगपोस्ट (मागचा हात ज्यावर फिरतो तो खांब) या फ्रेमवर डावी-उजवीकडं सरकतो, म्हणून भिंतीला लागून पाइपलाइनचा चर काढता येतो. साईडशिफ्टचे पाय सरळ खाली उतरतात, मशीनच्या रुंदीबाहेर जात नाहीत. सेंटर-पिव्हटचे, म्हणजे हात मधोमध पक्का असलेल्या मॉडेलचे, पाय फाकतात. दिसायला फाकलेले पाय जास्त दमदार, हे मान्य. पण गल्लीत सरळ पायच कामाला येतात.

किंगपोस्ट सरकवताना बरेच जण घाई करतात. आधी मशीन लेव्हलमध्ये पायांवर घ्यायचं, बकेट जमिनीला टेकवायचं, मग क्लॅम्प सोडायचे, बूम-डिपरच्या (हाताच्या वरच्या नि पुढच्या भागाच्या) रेट्यानं किंगपोस्ट हळू सरकवायचा आणि क्लॅम्प परत आवळायचे. फ्रेमच्या पट्ट्यांवर माती साचलेली असली तर किंगपोस्ट तिरका अडकतो आणि पट्ट्या खरवडतात. आधी खरडून साफ करा.

जेसीबीचं देखणेपण घालवणारी गोष्ट एकच, ढिल्या पिना. बकेट हवेत धरून हातानं हलवलं आणि खडखड वाजलं की समजा ग्रीस मिळालेलं नाही. दर १० तासांनी ग्रीस हा नियम. पाण्यात किंवा चिखलात काम असेल तर बकेटच्या पिनांना त्याच्याही आधी. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारायचं. दोन स्ट्रोक मारून पुढं जायचं नाही.

मुरूम_खाणवाला

पोकलेन. विषय संपला.

लेव्हल_स्टाफ

खाणवाले भाऊ, कारण लिहायचं ठरलंय ना? कोणतं पोकलेन, कोणता भाग?

मुरूम_खाणवाला

बरं ताई, सविस्तर लिहितो.

२० टनी वर्ग. त्यात टाटा हिताची ईएक्स २००. याहून मोठं मशीन अंगानं जड दिसतं, आणि ७० किंवा ११० वर्गाचं कामाला छान पण उभं राहिलं की लहान वाटतं. २०० चं प्रमाण नेमकं बसलंय. घर (वरचं फिरणारं अंग), बूम आणि चेन यातलं काहीही दुसऱ्यावर चढत नाही.

रंग हा त्याचा अर्धा भाग आहे. आपल्याकडं खाणीत पाठीमागं काळा बेसॉल्ट असतो, नाहीतर लालसर मुरूम. काळ्या कातळापुढं नारिंगी रंग जसा उठतो तसा पिवळा उठत नाही. कोबेल्कोचा निळसर हिरवाही खाणीत फार सुंदर दिसतो, पण धूळ बसली की लवकर मळकट होतो. व्होल्वोचा पिवळा आणि गडद राखाडी हा मेळ शहरी कामावर शोभतो. कोमात्सु पीसी २०० किंवा २१० अंगानं चोख आहे, फक्त पिवळ्यांच्या रांगेत उभं केलं तर लांबून ओळखू येत नाही.

भाग म्हणाल तर बूमचा मधला बाक. बूम सरळ ठेवला असता तर बकेट मशीनच्या पायाशी खोल नेताच आलं नसतं, चेनला घासलं असतं. बाकामुळं खाली खोदताना जागा मिळते आणि वर उचलल्यावर हायव्याच्या (टिपर ट्रकच्या) फाळक्यावरून बकेट सहज जातं. बूमला खालून दोन सिलिंडर, स्टिकला (बूमपुढच्या हाताला) वरून एक, बकेटला एक. चार सिलिंडर, चारही उघडे, आणि जोर कुठून कुठं चाललाय ते डोळ्यांना दिसतं. 

बघायचं तर बेंचवरून (खाणीतल्या पायरीवरून) भरताना बघा. पोकलेन वर बेंचवर आणि हायवा खाली. बेंचची उंची साधारण स्टिकच्या लांबीएवढी, म्हणजे या वर्गात तीन मीटरच्या आतबाहेर. गाडी अशी लावायची की घर ४५ ते ६० अंशांतच फिरलं पाहिजे. ९० च्या पुढं गेलं की वेळही जातो आणि चालही विस्कळीत दिसते. एक घनमीटरच्या आसपासचं बकेट असेल तर १४ घनमीटरचा हायवा, म्हणजे साधारण ५ ब्रास, १४-१६ बकेटात भरतो. पहिली दोन बकेटं खालून, हळू आणि बारीक मालाची टाका. मोठे धोंडे थेट पत्र्यावर पडले की हौद्याच्या तळाला पोचे पडतात आणि गाडी हादरते.

काळी_माती, लातूर

खाणीत ठीक आहे. पण काळ्या रानात तेच २०० बघा. चेनमध्ये चिखल असा भरतो की स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या चाकाचे) दात दिसत नाहीत.

काळ्या जमिनीवर चेनचे रुंद पट्टे मला दिसायला जास्त आवडतात, ८०० मिलिमीटरचे. २० टनी मशीन ६०० च्या पट्ट्यावर असेल तर जमिनीवर दाब साधारण ०.४५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर येतो, ८०० वर तो ०.३५ च्या आसपास उतरतो. नाला खोलीकरण, तलावातला गाळ, कालव्याची कडा, सगळीकडं हाच फरक मशीन तरंगणार की रुतणार ते ठरवतो. मात्र तेच रुंद पट्टे कातळावर नेऊ नका. कडेचा भाग दगडावर चढला की पट्टा वाकतो, बोल्ट ढिले होतात आणि लिंकच्या पिनेवर पीळ येतो.

चेनचा ताण हाही दिसण्याचाच भाग आहे. बूम-बकेट टेकवून एक बाजू उचलायची, चेन मागं-पुढं फिरवून माती झटकायची, मग मधोमध फ्रेमच्या खालच्या कडेपासून पट्ट्याच्या वरच्या पाठीपर्यंत मोजायचं. या वर्गात ३०० मिलिमीटरच्या आसपास झोळ ठेवतात, नेमका आकडा आपल्या मशीनच्या पुस्तकात बघा. चिकट चिखलात झोळ थोडा जास्तच हवा. भरलेली माती चेन आपोआप ताणते, आणि आधीच ताठ असलेली चेन मग स्प्रॉकेट नि बुश खाऊन टाकते. ढिलं करताना ग्रीस व्हॉल्व्ह एक-दीड फेऱ्याच्या वर कधी उघडू नका आणि तोंड समोर आणू नका. आत प्रचंड दाबाचं ग्रीस असतं, व्हॉल्व्ह सुटला तर गोळीच्या वेगानं लागतो.

आणि एक प्रकार कुणी लिहिला नाही, लाँग बूम. २० टनी घरावर १५ मीटरच्या पुढं जाणारा हात, टोकाला जेमतेम ०.४-०.४५ घनमीटरचं बकेट. तलावाच्या काठावर उभं राहून तो हात पूर्ण पसरतो आणि पाण्याला टेकतो, तेव्हा मशीनचा तोल डोळ्यांनी जोखता येतो. बकेट लहान का, तर एवढ्या लांबीवर मशीनला तेवढंच पेलतं. मोठं बकेट लावून गाळाचा ढीग उचलायला गेलं की मागची बाजू उठते. फिरताना झटका दिला तर बूमच्या मुळाशी पीळ बसतो, वेल्डजवळ केसासारखी चीर पडते आणि रंगाखाली ती महिनोन्‌महिने दिसत नाही. लाँग बूमला ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावणं, बकेट आडवं घासून झाडी मोडणं, दोन्ही बंद.

रिपर_टाइन, नांदेड

डोझर राहिला. जुन्या लोकांना बीईएमएल कंपनीचे डी८० आणि डी१५५ आठवतील. लांबट अंडाकृती चेन, बुटकं अंग. त्याच्या शेजारी कॅटचा (कॅटरपिलरचा) डी८ उभा करा. त्याची चेन त्रिकोणी, स्प्रॉकेट वर उचललेलं. मला हा त्रिकोणच आवडतो.

उंच स्प्रॉकेट कॅटरपिलरनं १९७७ च्या डी१० पासून आणलं. फायनल ड्राइव्ह (स्प्रॉकेट फिरवणारे शेवटचे गिअर) जमिनीपासून वर गेल्यामुळं दगडाचा धक्का थेट गिअरवर येत नाही आणि चिखल-पाण्यापासून सीलही दूर राहतात. याची किंमतही मोजावी लागते. चेन लांब होते, जास्त ठिकाणी वळते, म्हणून पिन-बुशची झीज वाढते. अंडाकृती चेन साधी आणि स्वस्त. दिसण्यात मात्र त्रिकोण पुढं, कारण मशीन उभं असतानाही पुढं झेपावायच्या तयारीत वाटतं.

पिवळा रंगही याच कंपनीनं १९३१ च्या शेवटाला धरला. त्याआधी त्यांची मशिनं राखाडी होती, त्यावर लाल काम. रस्त्यावर लांबून दिसावं हा उद्देश.

डोझर मागून बघावा, रिपरचा (मागच्या जमीन फोडायच्या अवजाराचा) एकच टाइन, म्हणजे दात, जमिनीत उतरलेला असताना. भेगा पडलेला बेसॉल्ट असेल तर रिपरनं ब्लास्टिंगशिवाय काम होतं. अखंड काळा पाषाण असेल तर टाइन वरच सरकतो, तिथं हट्ट करू नये. पहिला गिअर, कमी वेग, जमेल तिथं उताराच्या दिशेनं. टाइन आत असताना वळायचं नाही. तो पीळ शँकला (टाइनच्या दांड्याला) वाकवतो, नाहीतर पिनेची भोकं लांबट करतो. टोकाची टिप झिजून शँक दगडाला लागायच्या आत बदला.

चौथा_मैल

डोझरच्या रांगेत रोलरला विसरू नका. पॅडफूट रोलर, म्हणजे ड्रमवर बोटं असलेला. मागून चालताना मातीवर जी नक्षी उमटते ती बघत राहावी. आणि ती नुसती नक्षी नाही, काम कळायची खूण आहे. पहिल्या फेरीला बोटं पूर्ण रुततात. फेऱ्या वाढतील तशी ती कमी कमी रुततात, ड्रम वर चढत येतो. दहा फेऱ्यांनंतरही बोटं तेवढीच रुतत असतील तर माती ओली आहे किंवा थर जाड पडलाय.

सैल थर २२५-२५० मिलिमीटर, दाबून २०० च्या आसपास. भरावाला प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के, सबग्रेडला (रस्त्याच्या थरांच्या लगत खालच्या मातीला) ९७ टक्के घनता. फुगणारी काळी माती सबग्रेडमध्ये आणि त्याच्या लगत खालच्या अर्ध्या मीटरात चालतच नाही, तिथं मुरूम आणावा लागतो.

गुळगुळीत ड्रमवाल्यात कंपन चालू ठेवून जागेवर थांबणं ही हमखास चूक. थांबायच्या आधी कंपन बंद करा, नाहीतर थरात आडवी खोबण पडते आणि ती शेवटपर्यंत दिसते.

लेव्हल_स्टाफ

माझं मत या सगळ्यांहून वेगळं, काँक्रीटचा स्लिपफॉर्म पेव्हर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि त्यातला जालना-संभाजीनगरचा भाग आपल्याच अंगणातला. तिथल्या गाड्या बघणाऱ्यांना तो रस्ता घालणारं मशीन बहुधा माहीत नसतं.

चार पायांवर उभी असलेली आडवी रुंद चौकट, प्रत्येक पायाखाली स्वतंत्र चेन. पुढं काँक्रीटचा ढीग, मागं तयार रस्ता. कुठंही बाजूला साचा बांधलेला नाही. काँक्रीट स्वतःच्या अंगावर उभं राहतं. म्हणून मिश्रण कोरडं लागतं, स्लंप (ओलं काँक्रीट किती खाली बसतं याचं माप) साधारण २५ ते ४० मिलिमीटर. थोडं पातळ झालं की मशीन पुढं गेल्यावर कडा ढासळते आणि मग पत्रे लावून हातानं दुरुस्ती. फार कोरडं झालं तर पृष्ठभाग फाटतो, मधमाशीच्या पोळ्यागत पोकळ्या राहतात. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो, डंपर वाटेत अर्धा तास अडकला तरी स्लंप उतरतो. म्हणून तिथं काँक्रीट रात्री टाकायला घेतात, आणि दिव्यांच्या उजेडात हे मशीन सगळ्यात देखणं दिसतं.

बाजूनं ताणलेली तार बघा. मशीनला लावलेली सेन्सरची काडी तिच्यावर घासत जाते आणि त्यावरून उंची नि दिशा ठरते. तारेला कुणाचा पाय लागला तर तो धक्का रस्त्यावर उंचवटा होऊन कायमचा राहतो. खुंट्या साधारण ५ ते १० मीटरवर, वळणावर जवळ जवळ. मशीन थांबवायचंच नाही हा दुसरा नियम. प्रत्येक थांब्याला आडवी खूण पडते. वेग कमी चालेल, पण एकसारखा हवा. मागून येणारी टेक्श्चर-क्युरिंगची (पृष्ठभागावर रेघा ओढून ओल टिकवणारा फवारा मारणारी) गाडीही जोडीनंच बघावी.

सात_इंची_केसिंग

मराठवाड्यात राहून बोअरची गाडी कुणी काढली नाही? रंगानं नटलेली मशिनरी म्हणाल तर तीच. तमिळनाडूच्या तिरुचेंगोडे भागातून येणाऱ्या रिग. एक गाडी रिगची, दुसरी कॉम्प्रेसरची, दोन्हींवर रंगीत पट्टे, देवांची चित्रं आणि दिव्यांच्या माळा. रात्री शेतात मस्तूल उभं राहतं तेव्हा दोन गावांवरून दिसतं.

मशीनही तेवढंच जोरदार. २० फुटी रॉड कॅरोसेलमधून (रॉड ठेवायच्या फिरत्या चौकटीतून) एकेक उतरतो, टोकाला हॅमर आणि साडेसहा इंची बिट. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाऊन हॅमर चालवते आणि चुरा बाजूनं वर फेकते. धुळीचा रंग बघत राहा. पांढुरकी-राखाडी म्हणजे टणक पाषाण, लालसर म्हणजे मधला मऊ थर, आणि धूळ बसून गारा उडाला की ओल लागली.

बिघडतं ते केसिंगपाशी, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायच्या पाइपापाशी. ७ इंची केसिंग टणक खडकात फूट-दोन फूट बसवूनच थांबायचं. मुरमातच सोडलं तर पुढं मुरूम आत ढासळतो, हॅमर अडकतो किंवा बोअर गाळानं भरतो. आणि ६० मीटरच्या खाली जाणाऱ्या विहिरीवर राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं बंधनं आहेत. मस्तूल कितीही देखणं असलं तरी खोलीचा हट्ट धरू नये.

हायवा_१२चाकी

हायड्राला (माल लटकवून चालणाऱ्या क्रेनला) कुणी मत देणार का? मला तरी तो आवडत नाही. बूम पुढं, माल पुढं, आणि जुन्या मांडणीत ऑपरेटर मागं, म्हणजे समोरचं निम्मं झाकलेलं. माल लटकवून चालताना वळलं की बूमही चाकांबरोबर वळतो, तोल बाजूला जातो. नव्या मॉडेलात केबिन पुढं आणली ती चांगली सुधारणा, दिसायलाही बरी. चालताना माल जमिनीपासून फूटभरच वर, बूम आखूड, आणि झोके थांबवायला दोरी धरणारा माणूस बाजूला. मालाच्या पुढं उभा नको.

नवखा_रंगारी, धाराशिव

मी हा धागा वाचून विचारतोय. जुन्या मशीनला रंग द्यायचाय. नारिंगी उन्हानं फिका पडून गुलाबी झालाय. कसा द्यावा? आणि घेताना नव्या रंगामागं काय बघावं?

पिन_बुश, बीड

भाऊ, रंगाची निम्मी मेहनत धुण्यात असते. आपल्याकडं डिझेल मारून धुतात आणि त्यावरच रंग चढवतात. डिझेलचा पातळ थर राहतो आणि रंग पहिल्याच पावसात पापुद्रे टाकतो. डिझेल वापरलं तरी नंतर डिटर्जंट आणि प्रेशरचं पाणी, मग पूर्ण वाळू द्या. सांधे, पिनांच्या कडा आणि इंजिनचं पोट या ठिकाणी तेल लपतं.

मग १२० च्या पेपरनं गंज आणि सुटलेला रंग काढा, ३२० नं कडा मिटवा. उघड्या लोखंडावर त्याच दिवशी प्राइमर बसला पाहिजे.

झाकायचं काय, हे सगळ्यात महत्त्वाचं. सिलिंडरचे चकचकीत रॉड, ग्रीस निपल, हायड्रॉलिक पाइप, काचा, रेडिएटर, टाकीचा ब्रीदर आणि नंबरची पाटी. रॉडवर उडालेला रंग वाळला की कडक होतो, रॉड आत जाताना वायपर सील कापतो आणि महिन्याभरात तेल गळायला लागतं. पाइप रंगवले तर भेगा दिसत नाहीत. निपल बुजले तर ग्रीस जात नाही आणि पिना संपतात.

रंग दोन घटकांचा पीयू (पॉलीयुरेथेन) घ्या. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजानं नको. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात, मध्ये १५-२० मिनिटं. एप्रिल-मे मध्ये दुपारी मारू नका. पत्रा एवढा तापतो की थिनर हवेतच उडून जातो आणि रंग खरखरीत बसतो. सकाळी दव वाळल्यावर लगेच घ्या. बकेटला चांगला रंग घालवू नका, बेसॉल्टमध्ये तासाभरात उडतो. टायरच्या मशीनचा रंगच बदलायचा असेल तर आधी आरटीओत आरसीवर नोंद.

मुरूम_खाणवाला

घेताना काय बघायचं ते मी सांगतो. ताजा रंग दिसला की आधी रंग नसलेल्या जागा बघा. स्प्रॉकेटचे दात टोकदार झालेत का. सिलिंडर रॉडवर उभे ओरखडे आहेत का. बूमच्या मुळाशी आणि बकेटच्या कानांशी वेल्डवर वेल्ड आहे का. बोटांनी चाचपा, डोळ्यांवर विसंबू नका. बकेट जमिनीवर टेकवून बूमनं हलका दाब देऊन सोडा, स्ल्यू बेअरिंगमध्ये (ज्यावर घर फिरतं त्यात) घर उचललं-बसल्याचा ठक आवाज येतो का ऐका. इंजिन गरम असताना ऑइलची कॅप सैल करून ब्लो-बाय (आतून धूर नि हवा किती येते ते) बघा. केबिनमधलं पेडल आणि लिव्हरची मूठ किती झिजलीय, यावरून मीटरवरचे तास खरे की नाही ते कळतं.

चौथा_मैल

सजावटीचंही लिहायला पाहिजे. खंडेनवमीला मशिनं फुलांनी झाकतात, त्यात आनंदच आहे. फक्त माळा रेडिएटरच्या जाळीवर आणि पंख्याजवळ नको. दोरा पंख्याच्या शाफ्टला गुंडाळला जातो, पाकळ्या जाळीला चिकटून इंजिन तापतं. सायलेन्सरवर हारही नको. समोरच्या काचेवर नावं आणि चित्रं वरच्या पट्टीत ठेवा, खालचा भाग मोकळा. बकेटकडं नजर तिथूनच जाते.

मिरवणुकीत जेसीबीच्या बकेटातून फुलं-गुलाल उधळायची पद्धत वाढलीय. फुलं ठीक आहेत. माणसं बकेटात उभी करणं अत्यंत धोक्याचं आहे. पाइप फुटला तर बकेट थेट खाली येतं, अडवायला मध्ये काहीच नसतं. गुलाल एअर फिल्टरात बसतो. मिरवणूक झाली की बाहेरचा फिल्टर काढून झटका, रेडिएटरला आतून बाहेर हवा मारा, मगच कामावर न्या.

ग्रेडरचं_पातं, परभणी

भरपूर मतं आली. स्लिपफॉर्मचा मुद्दा पटला ताई, तारेचा तपशील तर फारच मोलाचा.

रिपर_टाइन, नांदेड

परभणीकर दादा, ग्रेडरबद्दलच एक विचारायचंय. काही ग्रेडर मागं पत्र्याच्या पन्हाळीगत लाटा सोडतात. पातं नवं, ऑपरेटर चांगला, तरी लाटा. कामून?

ग्रेडरचं_पातं, परभणी

तीन ठिकाणं तपासा. पहिलं वेग. फिनिशिंगला पाच-सहा किलोमीटरच्या वर गेलं की टायरवर मशीन उसळतं आणि ती उसळी पात्यातून थरावर येते. मागच्या चारही टायरांत हवा सारखी हवी. एक जरी कमी असलं तरी उसळी वाढते.

दुसरं सर्कल. पातं जमिनीपासून उचलून टोकाला पहारीनं वर-खाली करून बघा. सर्कलच्या शूजमध्ये (त्याला धरणाऱ्या पट्ट्यांमध्ये) किंवा पात्याच्या सरकपट्टीत खेळ असेल तर ठक वाजेल. शूजमधून शिम (पातळ पत्र्या) काढून खेळ कमी करता येतो. सगळे शिम संपले की पट्ट्या बदलायच्या. खूप आवळू नका. सर्कल एका फेऱ्यात कुठं घट्ट आणि कुठं ढिलं लागत असेल तर ते असमान झिजलंय. घट्ट जागेला धरून खेळ ठेवा.

तिसरं पात्याचा कल. वरची कड कटिंग एजच्या (पात्याच्या खालच्या धारेच्या पट्टीच्या) थोडी पुढं ठेवली की पातं घासत जातं, मागं झुकवलं की कापतं. फिनिशिंगला मागं झुकवलेलं पातं कडक मुरमात अडखळतं आणि लाटा पडतात. काळी ओली माती ओढायची असेल तर पात्याचा आडवा कोन वाढवा म्हणजे माती पात्यावर न चिकटता लोळत जाते.

कटिंग एज १२ फुटी पात्याला ६-६ फुटांच्या दोन येतात. मधल्या जोडाजवळ जास्त झिजल्या की उलटून लावा. बोल्टची डोकी घासायला लागायच्या आत बदला, नाहीतर खाली मूळ पातं झिजतं आणि ते फार महाग पडतं. नवी लावताना मागची बाजू तारेच्या ब्रशनं साफ करा, बोल्ट मधून कडेकडं आवळत न्या, आणि तासभर काम झाल्यावर परत एकदा पाना फिरवा.